जानेवारीतल्या अळ्या: फ्रीमॉन्टच्या एका परसातल्या मोनार्कचं प्रकरण

कॅलिफोर्नियात मोनार्क फुलपाखरांची हिवाळी मोजणी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आसपास साधारण तीन आठवडे चालते. १९९७ साली ती सुरू झाली तेव्हा किनाऱ्यालगतच्या झाडांवर बारा लाखांच्या वर फुलपाखरं नोंदली गेली होती. २०२० साली स्वयंसेवक २४६ ठिकाणी जाऊन आले आणि सगळीकडची मिळून १,९१४ फुलपाखरं भरली. 'बटरफ्लाय टाउन' म्हणून मिरवणाऱ्या पॅसिफिक ग्रोव्हच्या राईत तर एकही नाही. आणि त्याच हिवाळ्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, लोकांच्या घरामागच्या वाफ्यांत, मोनार्क अंडी घालत होते. अळ्या पानं कुरतडत होत्या, कुंपणावर कोष लटकत होते.

त्या घरांपैकी एका घराची ही हकिगत. घर फ्रीमॉन्टमधलं, मंडळी मराठी. मी त्या भागात फुलपाखरांच्या नोंदी करते म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. घराचा पत्ता आणि माणसांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत.

त्या घरातल्या काकू सांगली जिल्ह्यातल्या. २०२० च्या फेब्रुवारीत मुलाकडे सहा महिन्यांसाठी म्हणून आल्या आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकल्या. वेळ जायला म्हणून मुलाने नर्सरीतून काही रोपं आणून दिली. त्यातल्या कुंड्यांवर एवढंच लिहिलं होतं: 'मिल्कवीड, फुलपाखरांना आवडतं'. काकूंनी लाल पाकळ्या आणि मधला पिवळा तुरा पाहिला आणि म्हणाल्या, "अरे, हे तर आपलं हळदीकुंकू! पाटाच्या कडेला रानोमाळ असतं. पैसे देऊन काय आणलंस?" त्यांचं बरोबर होतं. मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेकडची ही वनस्पती भारतात कधीच रुजली आहे. काही जण तिला काकतुंडी म्हणतात. रुईच्याच गोतातली, देठ मोडला की तसाच पांढरा चीक. काकूंच्या हाताखाली ती अशी फोफावली की वर्षअखेर कुंपणाच्या कडेने सलग रांग उभी होती, आणि डिसेंबरातही फुललेली.

जानेवारीत त्यांच्या सुनेने फोन केला. "ताई, झाडावर पट्टेवाल्या अळ्या आल्यात. आई म्हणतात रुईवरच्याच आहेत. येऊन बघता का?" तेव्हा घरात जायचा प्रश्न नव्हता. मास्क लावून बाजूच्या फाटकातून थेट मागे गेले.

काकूंचा अंदाज फारसा चुकलेला नव्हता. आपल्याकडे रुईवर आणि हळदीकुंकवावर बिबळ्या कडव्याची, म्हणजे प्लेन टायगरची अळी असते. ती मोनार्कची सख्खी चुलत बहीण म्हणावी इतकी जवळची. दोघींच्याही अंगावर काळे, पिवळे, पांढरे पट्टे. फरक पाहायचा तो अंगावरच्या काळ्या, मऊ शिंगांसारख्या तंतूंत. बिबळ्या कडव्याच्या अळीला तीन जोड्या असतात, मोनार्कच्या अळीला दोन, एक डोक्यामागे आणि एक शेपटीकडे. इथे दोनच होत्या. काकू चष्मा पुसून वाकल्या, एकेक जोडी बोटाने हवेतच मोजली आणि म्हणाल्या, "खरंच गं, मधली नाहीये."

मी तिथे बराच वेळ थांबले. एक मोठी अळी पानाच्या देठाशी बसून देठच अर्धवट कुरतडत होती. पान कुरतडल्या जागी मोडून खाली लोंबलं, चिकाचा थेंब बाहेर आला, आणि मग ती सावकाश पुढे सरकून पानाच्या टोकाकडून खायला लागली. चिकाचा पुरवठा आधी तोडायचा आणि मग खायचं. लहान अळ्यांना देठ झेपत नाही, त्या पानावर गोल चर खणतात आणि आतलं तेवढं खातात. असे गोल चरही बऱ्याच पानांवर होते, काही पानांच्या पाठीवर साबुदाण्याहून कितीतरी बारीक, उभ्या रेघांची फिकट अंडी होती. म्हणजे एकाच वाफ्यात अंडी, लहान अळ्या, मोठ्या अळ्या, आणि कुंपणाच्या फळीवर हिरवे कोष. सोन्याच्या ठिपक्यांचे. घरातली नात प्रत्येक कोषाला नाव ठेवून मोकळी झाली होती.

किनाऱ्यावरच्या राया ओस पडलेल्या असताना असं दृश्य पाहिलं की कुणालाही वाटेल, चला, कुठेतरी तरी जगताहेत. घरच्या मंडळींना तेच वाटत होतं, आणि त्या आनंदात खोटं काही नव्हतं. पण ही तारीख जानेवारीची होती, आणि सगळं प्रकरण त्या तारखेत आहे.

पश्चिमेकडच्या मोनार्कचं वर्ष असं चालतं. उन्हाळ्यात ते कॅलिफोर्नियाच्या आतल्या भागात, ओरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो, नेवाडापर्यंत पसरून मिल्कवीडवर, म्हणजे हळदीकुंकवाच्या गोतातल्या चिकाच्या झाडांवर, पिढ्यांमागून पिढ्या वाढवतात; मोनार्कच्या अळ्यांचं खाणं तेवढंच. या पिढ्यांतलं फुलपाखरू दोन ते सहा आठवडे जगतं. शरद ऋतूत जन्मणारी पिढी मात्र वेगळी. दिवस लहान होतात, रात्री गार पडतात, मिल्कवीडची पानं जून होऊन वाळू लागतात, आणि या खुणांनी तिच्या शरीरातलं प्रजनन थांबतं. अंडी तयारच होत नाहीत. अंगात चरबी साठवून ही फुलपाखरं किनाऱ्याकडे येतात, निलगिरी, पाइन आणि सायप्रसच्या राईत घोस करून बसतात आणि सहा ते नऊ महिने जगतात. फ्रीमॉन्टमध्येच आर्डनवुडच्या जुन्या शेतावर अशी निलगिरीची राई आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ही फुलपाखरं जोडी जमवतात आणि नव्या कोवळ्या मिल्कवीडच्या शोधात आत निघतात.

इथली मूळची मिल्कवीडं, म्हणजे अरुंद पानांची आणि मोठ्या गुलाबी तुऱ्यांची, हिवाळ्यात जमिनीच्या वरून पार मरतात. मुळं जिवंत राहतात, वसंतात पुन्हा कोंब येतात. हळदीकुंकू मरत नाही. बे एरियाच्या सौम्य हिवाळ्यात ते हिरवंगार राहतं. शरदातल्या फुलपाखराला ताजं, कोवळं मिल्कवीड मिळत राहिलं तर त्याच्या थांबलेल्या प्रजननाला पुन्हा चालना मिळू शकते, हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. मग ते राईकडे न जाता इथेच अंडी घालतं.

घातली तर घातली, असं म्हणता आलं असतं. पण हिरव्या राहिलेल्या पानावर आणखी एक गोष्ट टिकून राहते. ओई नावाने ओळखला जाणारा एकपेशीय परजीवी. त्याचे सूक्ष्म बीजाणू बाधित फुलपाखराच्या पोटावर खवल्यांमध्ये भरलेले असतात. मादी अंडं घालताना ते अंड्यावर आणि पानावर झडतात. अळी अंड्यातून बाहेर आली की पहिलं खाणं म्हणजे अंड्याचं कवच, मग पान. दोन्हींबरोबर बीजाणू पोटात जातात, आतड्याची भिंत ओलांडून त्वचेखाली पोचतात आणि वाढत राहतात. कोषातून फुलपाखरू बाहेर येतं ते नव्या बीजाणूंनी माखून. बाधा हलकी असली तर ते उडतं, पण कमी जगतं आणि वाटेतल्या प्रत्येक झाडावर बीजाणू सांडतं. बाधा जड असली तर पंख नीट उलगडतच नाहीत.

स्थलांतर हा या रोगावरचा निसर्गाचा उतारा आहे. एक तर फुलपाखरं दूषित झाडं मागे सोडून जातात आणि झाडंही हिवाळ्यात मरून वसंतात कोरी होऊन येतात. दुसरं म्हणजे, जड बाधा झालेलं फुलपाखरू शेकडो मैल उडूच शकत नाही, ते वाटेतच गळतं. अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर हळदीकुंकवावर हिवाळाभर वाढणाऱ्या मोनार्कमध्ये बाधेचं प्रमाण स्थलांतर करणाऱ्यांपेक्षा कैकपट जास्त असल्याचं जॉर्जिया विद्यापीठातल्या सोनिया आल्टिझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं होतं.

फ्रीमॉन्टच्या त्या वाफ्यात ओई होता का? खात्री करायची पद्धत सोपी आहे. फुलपाखराच्या पोटाला पारदर्शक चिकटपट्टी हलकेच लावायची आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची. पण कॅलिफोर्नियात मोनार्क हाताळायला, घरात आणून वाढवायलाही राज्याच्या वन्यजीव खात्याचा परवाना लागतो. आमच्यापैकी कुणाकडेच तो नव्हता. त्यामुळे हात न लावता जे दिसेल त्यावरच भागवायचं होतं.

आणि दिसलं. कुंपणावरचा एक कोष फुटायच्या काही दिवस आधी मळकट दिसू लागला. निरोगी कोष शेवटच्या दिवसापर्यंत एकसारखा हिरवा असतो, मग अख्खा काळपट होतो आणि आतले केशरी पंख आरपार दिसतात. या कोषावर आधीच ठिकठिकाणी काळे डाग होते, डाव्या-उजव्या बाजूला सारखे नसलेले. फुलपाखरू निघालं तेव्हा सूनबाईंनी व्हिडिओ पाठवला. अर्धं शरीर बाहेर, मागचा भाग कोषाच्या सालीला चिकटलेला, पंख ओल्या कागदासारखे चुरगळलेले. ते तसंच खाली पडलं. नातीने त्या दिवशी जेवण केलं नाही. शेजारच्या कोषांतून निघालेली दोन फुलपाखरं मात्र व्यवस्थित उडाली. एका कोषावरून निदान होत नाही, चुरगळलेल्या पंखांची इतरही कारणं असतात. पण डाग, तारीख, झाड आणि एकाच वाफ्यावर पिढीवर पिढी वाढत असणं, हे सगळं एकत्र ठेवल्यावर माझा कल स्पष्ट होता: हे हळदीकुंकू छाटायला हवं.

शास्त्रज्ञांत तेव्हा एकमत नव्हतं, आणि हेही मी त्या घरात सांगितलं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे डेव्हिड जेम्स त्याच हिवाळ्यात दक्षिण बे एरियातल्या या शहरी मोनार्कचा अभ्यास करत होते. त्यांनी तपासलेल्या फुलपाखरांत ओईची बाधा बरीच होती. तरीही त्यांचा प्रश्न असा होता की ही फुलपाखरं बदलत्या हवामानाशी जुळवून घेताहेत की काय, आणि राया ओस पडल्या म्हणजे पश्चिमेचा मोनार्क संपलाच असं धरायचं का. प्रश्न रास्त आहे. १,९१४ हा आकडा राईंचा आहे, बागांमध्ये विखुरलेली फुलपाखरं त्यात नाहीत. पण जुळवून घेण्याची किंमत जर रोगाचा कायमचा साठा असेल, तर मला ती परवडणारी वाटत नाही. शिवाय या भागातल्या स्थलांतर करणाऱ्यांना वसंतात याच बागांवरून आत जायचं असतं.

निर्णयाची खरी अडचण शास्त्राची नव्हतीच. काकू म्हणाल्या, "खाणाऱ्याच्या पुढ्यातलं ताट ओढायचं होय? हे पाप मी नाही करायची." त्यांना समजावण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, कारण त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं. मी एवढंच म्हटलं, "काकू, ज्या पानावर कुणी जेवतंय ते पान नाही काढायचं. रिकामी पानं काढू. आणि नवी पंगत बसू द्यायची नाही." त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग प्रत्येक पान उलटून बघायला लागेल." आणि ते काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

इथे घरातल्या मुलाबद्दलही सांगायला हवं. झाडांच्या शेंड्यांवर पिवळ्याधमक माव्याचं लिंपण झालं होतं. हा मावा आपल्याकडे रुईवर आणि कण्हेरीवर येतो तोच. मुलाने ऑनलाइन कीटकनाशक मागवलं होतं, बाटली येऊन पडली होती. मावा मारणारं औषध अळीला वेगळं ओळखत नाही. २०२० मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर कॅलिफोर्नियातून मिल्कवीडच्या पानांचे २२७ नमुने तपासले होते, शेतांच्या कडेचे, शहरातले, संरक्षित जागांमधले आणि नर्सरीतून विकत घेतलेलेही. एकूण ६४ कीडनाशकं सापडली, आणि एकही ठिकाण त्यातून सुटलेलं नव्हतं. हे सांगितल्यावर बाटली परत गेली. मावा काकूंनी पाण्याच्या बारीक धारेने झटकला, अळ्या नसलेल्या शेंड्यांवरूनच.

छाटणी अशी झाली. ज्या फांद्यांवर अंडं किंवा अळी नव्हती त्या जमिनीपासून सहा इंचांवर, म्हणजे वीतभरापेक्षा थोड्या खाली, कापल्या. चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, म्हणून हातमोजे आणि चष्मा. कापलेल्या फांद्या कंपोस्टात न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात. राहिलेल्या फांद्यांवरच्या अळ्या कोषात जाईपर्यंत वाट पाहायची, तोवर खोडातून फुटणारे नवे कोंब खुडत राहायचं, कारण मादी अंडं घालायला बहुतेक कोवळ्या कोंबावर येते. थंडीत अळ्यांची वाढ मंदावते. उन्हाळ्यात जे दोन आठवड्यांत होतं त्याला इथे कितीतरी जास्त दिवस लागले. शेवटची अळी फळीवर चढून उलटी लटकली तेव्हा फेब्रुवारी बराच पुढे गेला होता.

दरम्यान नोंदी चालू होत्या. याच सुमारास पश्चिमेकडच्या शास्त्रज्ञांनी लोकांना आवाहन केलं होतं की १४ फेब्रुवारी ते २२ एप्रिल या काळात कुठेही मोनार्क दिसला तर फोटो पाठवा. राईतून निघालेली फुलपाखरं वसंताच्या सुरुवातीला नेमकी कुठे जातात, ही या माहितीतली मोठी पोकळी आहे. सूनबाईंनी फोटो आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, टाकले. मी त्यांना एकच आग्रह केला. नुसतं 'मोनार्क दिसला' लिहू नका. अंडं, अळी, कोष की फुलपाखरू ते लिहा, कोणत्या झाडावर ते लिहा, आणि झाडाचाही एक फोटो जोडा. जानेवारीत हळदीकुंकवावरची अळी आणि मेमध्ये अरुंद पानाच्या मिल्कवीडवरची अळी, फोटोत दोघी हुबेहूब सारख्या दिसतात. पण पहिलीची नोंद हिवाळ्यातल्या प्रजननाबद्दल सांगते आणि दुसरीची नेहमीच्या उन्हाळी पिढीबद्दल. झाडाचं नाव नसेल तर दोन्ही एकाच ढिगात जातात.

वसंतात हळदीकुंकू मुळासकट निघालं आणि त्या जागी अरुंद पानाचं स्थानिक मिल्कवीड लावलं. फ्रीमॉन्ट समुद्रकिनाऱ्यापासून पुरेसं आत आहे म्हणून हे चाललं. अगदी किनाऱ्यालगत, विशेषतः सांता बार्बराच्या उत्तरेला समुद्रापासून पाच मैलांच्या आत, कोणतंच मिल्कवीड लावू नका असं कीटकांच्या संवर्धनाचं काम करणारी झर्सीस सोसायटी सांगते. तिथे मुळात ते नव्हतंच, आणि हिवाळी मुक्कामाच्या जागेशेजारी पाळणाघर उघडण्याची गरज नाही. तिथल्या बागांनी हिवाळ्यात मध देणारी स्थानिक फुलझाडं लावावीत. स्थानिक रोपं पहिल्या वर्षी दिसायला अगदीच मामुली होती. काकूंना ती मुळीच आवडली नाहीत. "याला फूल म्हणायचं?" असं त्यांनी मोकळेपणाने विचारलं. पुढच्या उन्हाळ्यात त्या रोपांवर अंडी दिसली. तोवर काकू सांगलीला परतल्या होत्या, त्यांना फोटो पाठवले.

त्यांच्या अंगणात मात्र हळदीकुंकू राहू द्यायला माझी काहीच हरकत नाही. महाराष्ट्रात रुई बारा महिने हिरवी असते, बिबळ्या कडवाही वर्षभर तिच्यावर वाढतो, अंडी न घालता किनाऱ्यावरच्या राईत हिवाळा काढणारी पिढी त्याच्यात नाही. जे झाड तिथे निरुपद्रवी आहे तेच इथे एका स्थलांतराच्या आड येतं. इथल्या मराठी घरांत मला हे झाड वारंवार भेटतं, आणि त्याचं कारण ओळखीचं असण्यातच आहे. नर्सरीत सगळ्या परक्या रोपांमध्ये एक आपलं दिसतं, हात आपोआप तिकडे जातो.

२०२१ च्या मोजणीत राईंमध्ये २,४७,२३७ फुलपाखरं भरली. एका वर्षात शंभरपटीहून जास्त. मला या घरातून फोन आला, "ताई, आपल्यामुळे वाढली का?" तसं म्हणता येत नाही. एवढी झेप एका कारणाने होत नाही, आणि एका परसाने तर नाहीच. बागांमधल्या हिवाळी पिढीचा त्यात वाटा होता असं मानणारेही काही जण आहेत. पुढे २०२२ मध्ये आकडा ३,३५,४७९ वर गेला, २०२३ मध्ये २,३३,३९४ झाला आणि २०२४ मध्ये कोसळून ९,११९ वर आला. कीटकांची संख्या अशी वरखाली होतेच, पण तळ इतका खोल गेला की एखादं वाईट वादळ किंवा एक कोरडा वसंत उरलेलं सगळं घेऊन जाऊ शकतो. २०२४ च्याच डिसेंबरात अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने मोनार्कला धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत घेण्याचा प्रस्ताव मांडला.

२०२२ मध्ये बे एरियातल्या मरिन काउंटीने नर्सऱ्यांना हळदीकुंकवाची विक्री थांबवायला सांगितलं. विकून गेलेली झाडं मात्र बागांमध्ये उभीच आहेत, आणि त्यांचं बी कापसाच्या तुऱ्यासह वाऱ्यावर उडून शेजारच्या वाफ्यात पडतं. फ्रीमॉन्टच्या त्या कुंपणापलीकडे असंच एक झाड उगवलेलं आहे. शेजारी भला माणूस आहे, फुलं बघून खूश आहे. मुळासकट काढायला तो तयार नाही, पण दर ऑक्टोबरच्या शेवटी छाटू द्यायला त्याने होकार दिला आहे, आणि कात्री घेऊन जायचं काम आता नातीकडे आहे. तिने पहिल्या वर्षी त्याला पानाच्या पाठीवरचं अंडं दाखवलं होतं. तेवढी फांदी त्यांनी मिळून तशीच ठेवली, आणि अळी कोषात गेल्यावर कापली.